गुहेच्या दारातली गर्दी

गुहेतले जीव मोजायचे म्हटलं की पोरं बॅटऱ्या पेटवून थेट आत निघतात. मी त्यांना दारातच उकिडवं बसवते. पाठीचा कणा नसलेल्या बारक्या प्राण्यांची वर्दळ तिथेच जास्त. पाचोळा वाऱ्याने येऊन तिथे अडकतो, आतला ओलावा तिथवर पोचतो आणि ऊन फारसं शिरत नाही.

सह्याद्रीचा कातळ बेसाल्टचा. चुनखडीसारखा तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून आपल्याकडे नैसर्गिक गुहा थोड्या आणि खोदीव लेणी भरपूर. कोळ्यांना, रातकिड्यांना दोन्ही सारखीच.

दारापासून आत दोरी ताणायची, ठरावीक अंतरावर सारख्या मापाच्या चौकटी आखायच्या आणि प्रत्येकीत सारखाच वेळ शोधायचं. नाहीतर दार आणि अंधार यांची तुलना म्हणजे नुसत्या गप्पा. भिंतीवर काटकुळ्या पायांचे कोळी, कपारीत लांब मिशांचे रातकिडे, दगडाखाली वाणी आणि गोम. चिमट्यात चिरडतील असे जीव नळीने तोंडाने ओढून बाटलीत घेतो. नळीला आतून जाळी हवीच. ती विसरलेला विद्यार्थी पुन्हा विसरत नाही!

खरी गंमत पाचोळ्यात. तो चाळणी बसवलेल्या नरसाळ्यात पसरून वर दिवा लावायचा. वरचा थर सुकत जातो तसे जीव ओलाव्याच्या शोधात खाली सरकतात आणि अल्कोहोलच्या बाटलीत पडतात. इटलीच्या अंतोनियो बर्लेसे यांनी 1905 मध्ये ही युक्ती काढली, तेव्हा ऊब गरम पाण्याची होती. दिवा नंतर आला. बाटलीत बहुधा कोळीवर्गातले माइट आणि स्प्रिंगटेल निघतात. स्प्रिंगटेलच्या पोटाखाली दुमडलेला काटा असतो. तो झटक्यात उघडला की ते उडालंच. कधी छद्मविंचूही सापडतो. नांग्या विंचवाच्या, पण शेपूट नाही. लांबी जेमतेम काही मिलिमीटर.

मेघालयातल्या गारो टेकड्यांमधली सिजू गुहा 1922 मध्ये स्टॅन्ली केम्प आणि बी. चोप्रा यांनी अशीच प्राण्यांसाठी धुंडाळली. त्यांचा अहवाल 1924 मध्ये छापून आला. नोंद नीट असली की शंभर वर्षांनीही ताडून बघता येतं. आपल्या बहुतेक लेण्यांच्या शिल्पांची नोंद आहे, किड्यांची नाही.

संरक्षित लेण्यात परवानगीशिवाय काही गोळा करू नका. सहलीला गेलात तर दारातला पाचोळा झाडू नका, तिथे चूल मांडू नका आणि दगड उलटलात तर होता तसाच परत ठेवा.