‘फँड्री’तला सायकलवाला चंक्या कोण होता माहितीये का?

‘फँड्री’ म्हटलं की जब्या, शालू आणि शेवटी थेट कॅमेऱ्यावर आलेला दगड आठवतो. पण सायकल दुकानवाला चंक्या आठवतोय? ती भूमिका खुद्द दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी केली होती. मंजुळे मूळचे सोलापूर जिल्ह्यातल्या, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे.

गावात जब्याची ओळख डुकरं पकडणाऱ्याचा पोरगा एवढीच. चंक्याच्या दुकानात मात्र तो मनातलं बोलू शकतो. काळ्या चिमणीची राख टाकली की मुलगी प्रेमात पडते, ही आशाही त्याला चंक्याच देतो.

सिनेमात सायकलीलाही मोठी किंमत आहे. नव्या जीन्ससाठी पैसे जमवायला जब्या सायकलवरून आईसकांड्या विकतो. तीच सायकल गाडीखाली चिरडली जाते. इतरांसाठी ते किरकोळ नुकसान, पण हातावर पोट असलेल्या घरातल्या पोराचं ते सगळं भांडवल असतं.

१४ फेब्रुवारी २०१४ ला, म्हणजे व्हॅलेंटाइन डेला, ‘फँड्री’ प्रदर्शित झाला. दिग्दर्शकाच्या सर्वोत्कृष्ट पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला आणि जब्या साकारणारा सोमनाथ अवघडे सर्वोत्कृष्ट बालकलाकार ठरला. पुन्हा बघाल तेव्हा चंक्याच्या दुकानावरही लक्ष ठेवा. जब्याला गावात बरोबरीनं बसवणारी तीच एक जागा वाटते.