दगड, कागद, कात्री आणि मनकवडा

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एका जादूगाराचे प्रयोग झाले. दोरी कापून जोडणे, रिकाम्या डब्यातून रुमाल काढणे असे नेहमीचे प्रकार झाल्यावर त्याने ‘मनकवड्याचा खेळ’ जाहीर केला आणि नववीतल्या एका मुलीला रंगमंचावर बोलावले. तिचे नाव येथे देत नाही.

जादूगाराने पत्त्यांच्या दोन छोट्या गड्ड्या काढल्या. प्रत्येकीत नऊ पत्ते आणि प्रत्येक पत्त्यावर दगड, कागद किंवा कात्री यांपैकी एक चित्र. एक गड्डी मुलीच्या हाती देऊन तो म्हणाला, “वाटेल तितक्या वेळा काट.” तिने ती चार-पाच वेळा काटली. सरावाचा एक डाव झाला. मग दोघे एकेक पत्ता उघडू लागले. तिचा दगड आला की त्याचा कागद, तिचा कागद आला की त्याची कात्री. मुलगी नऊच्या नऊ डाव हरली. शेवटी तो म्हणाला, “आता पत्ते नकोत. मनात येईल ते नाव मोठ्याने सांग.” ती म्हणाली, “कात्री.” त्याने कोटाच्या डाव्या खिशातून एक पाकीट काढून तिला उघडायला दिले. आतल्या चिठ्ठीवर लिहिले होते, ‘तू कात्री म्हणशील.’

टाळ्यांचा कडकडाट झाला. इथवर सारे ठीक होते. पण टाळ्या थांबल्यावर त्याने एक वाक्य जास्तीचे टाकले : “या मुलीचे मन फार दुबळे आहे. काचेतून दिसावे तसे मला आतले दिसते.” मुले हसली. त्यानंतर पंधरा दिवस ती मुलगी वर्गात तोंड उघडेना. नाव घेऊन प्रश्न विचारला तरी मान खाली. एके दिवशी प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुताना तिने मला हळूच विचारले, “सर, मी मनात काय म्हणते ते सगळ्यांनाच कळतं का हो?”

“छे, काहीतरीच!” एवढे म्हणून मला मोकळे होता आले असते. पण तिने नऊ पराभव आणि एक चिठ्ठी डोळ्यांनी पाहिली होती. तिला पुराव्याला पुरावाच हवा होता. तेव्हा आम्ही दोघे हिशेब करायला बसलो.

एका डावात जिंकण्याची संभाव्यता एक तृतीयांश. उरलेल्या दोन तृतीयांशांत बरोबरी आणि हार. लागोपाठ नऊ डाव नुसत्या नशिबाने जिंकायचे तर 3 ला 3 ने आठ वेळा गुणावे लागते. उत्तर येते 19,683. म्हणजे इतक्या प्रयत्नांत सरासरी एकदा. तेव्हा ते नशीब नव्हते हे उघड आहे. मग मनकवडेपण होते का? पत्त्यांकडे पाहू.

दगड, कागद, कात्री या क्रमात प्रत्येक पुढचा मागच्याला हरवतो. कागद दगडाला गुंडाळतो, कात्री कागदाला कापते आणि फिरून दगड कात्रीची धार घालवतो. हे चक्र आहे. त्यात सर्वांत बलवान असा कोणी नाही. जपानमध्ये असाच एक जुना खेळ बोटांनी खेळत. अंगठा म्हणजे बेडूक, तर्जनी म्हणजे साप आणि करंगळी म्हणजे बिनशंखाची गोगलगाय. साप बेडकाला, बेडूक गोगलगायीला आणि गोगलगाय सापाला हरवते! गोगलगायीने सापाला कसे हरवायचे हे सापाला विचारू नये.

आता जुन्या लग्नपत्रिका कापून अठरा पत्ते तयार करा. नऊ-नऊच्या दोन गड्ड्या करा आणि दोन्ही दगड, कागद, कात्री, दगड, कागद, कात्री अशाच क्रमाने लावा. गड्डी काटणे म्हणजे वरचे काही पत्ते उचलून तसेच खाली ठेवणे. तसे कितीही वेळा केले तरी काय होते? चक्र वेगळ्या जागेपासून सुरू होते, एवढेच; क्रम मोडत नाही. मनगटावरची बांगडी कितीही फिरवली तरी तिच्यावरच्या नक्षीचा क्रम जसा बदलत नाही, तसे. (पत्ते पिसले तर मात्र सारे बिघडते. म्हणून जादूगार ‘काट’ म्हणतो, ‘पीस’ म्हणत नाही.)

दोन्ही गड्ड्या एकाच चालीने पुढे सरकतात, त्यामुळे त्यांच्यातले अंतर कायम राहते. पहिल्या डावात तुमचा पत्ता समोरच्यापेक्षा एक घर पुढे असेल, तर पुढच्या प्रत्येक डावात तो एक घर पुढेच राहणार. एक डाव जिंकला म्हणजे सगळे जिंकले. ‘सरावाचा डाव’ कशासाठी होता हे आता ध्यानात आले असेल. त्या डावाचे पत्ते दोघांनी आपापल्या गड्डीच्या तळाशी ठेवायचे. सराव तुम्ही जिंकला असाल तर काही करू नका. बरोबरी झाली असेल तर बोलता बोलता आपल्या गड्डीवरचा एक पत्ता तळाशी सारा. हरला असाल तर दोन सारा. पुढचे नऊच्या नऊ डाव तुमचे! समोर बसलेला माणूस कोण आहे, हुशार आहे की मठ्ठ आहे, त्याच्या मनात काय चालले आहे, याने काही फरक पडत नाही. त्याच्या जागी खुर्चीवर दगडाचा पाटा ठेवला तरी नऊ डाव तुम्हीच जिंकाल.

मुलीने हा खेळ माझ्यावर तीनदा करून पाहिला. पहिल्यांदा पत्ता तळाशी सारायला विसरली आणि नऊच्या नऊ डाव बरोबरीत सुटले. ते पाहून तिला नियम जास्त चांगला समजला.

राहिली ती चिठ्ठी. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. पाकीट डाव्या खिशातून निघाले हे मी पाहिले. उजव्या खिशात काय होते, हे मात्र मी विचारले नाही. सभागृहातल्या कोणीच विचारले नाही. त्या दिवशी तिथे काय होते ते मला सांगता येणार नाही. पण मी स्वतः हा खेळ करतो तेव्हा माझ्या डाव्या खिशात ‘कात्री’, उजव्या खिशात ‘दगड’ आणि टेबलावरच्या वहीत ‘कागद’ असतो. मुलगा काहीही म्हणो, मी त्याला योग्य ठिकाणी पाहायला सांगतो आणि बाकीच्या दोन जागांचा उल्लेखही करत नाही. मनकवड्यांना हा खेळ का आवडतो याचे कारणही इथे सापडते. उत्तरे तीनच असतात. बावन्न पत्त्यांपैकी एक निवडायला सांगितला तर कोटाला बावन्न खिसे शिवावे लागतील!

मुलीची शंका मात्र अजून फिटली नव्हती. “सर, पत्ते नाहीत, पाकिटे नाहीत, नुसते हाताने खेळलो तर?” हा प्रश्न खरा अवघड आहे आणि त्याचे उत्तर ‘अजिबात ओळखता येत नाही’ असे नाही.

चीनमधील हांगझोऊ येथे झेजियांग विद्यापीठात 360 विद्यार्थ्यांना सहा-सहाच्या गटांत हा खेळ खेळायला लावला होता. प्रत्येकाने 300 डाव खेळले. हे संशोधन 2014 साली प्रसिद्ध झाले. एकंदर बेरीज पाहिली तर दगड, कागद आणि कात्री जवळजवळ सारख्याच वेळा आले होते. पण एकापाठोपाठ एक डाव पाहिल्यावर निराळेच दिसले. जिंकलेला खेळाडू तोच हात पुन्हा काढण्याकडे झुकत होता आणि हरलेला हात बदलत होता. सारा गट हळूहळू दगडाकडून कागदाकडे, कागदाकडून कात्रीकडे असा फिरत होता. हा कल लहान असतो, पण असतो. तुमचा मित्र आत्ताच दगडाने जिंकला असेल, तर पुढच्या डावात कागद काढून पाहा.

यंत्रालाही हे ओळखता येते. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतील हॅगेलबार्गर या अभियंत्याने 1950 नंतरच्या दशकात एक यंत्र तयार केले. खेळ आणखी सोपा होता. माणसाने दोनपैकी एक बाजू निवडायची आणि यंत्राने ती आधीच ओळखायची, आपल्या छापा-काट्यासारखेच. प्रयोगशाळेत येणारे-जाणारे त्याच्याशी खेळत. 9,795 डावांपैकी 5,218 यंत्राने जिंकले. निम्म्यापेक्षा सुमारे 320 जास्त. वाचायला हे थोडे वाटते, पण एवढे जास्तीचे डाव नुसत्या योगायोगाने मिळण्याची शक्यता अब्जात एकापेक्षाही कमी आहे. त्याच प्रयोगशाळेतील क्लॉड शॅनन या गणितज्ञाने 1953 साली त्याहून साधे यंत्र केले. ‘हा माणूस मागच्या वेळी जिंकून बाजू बदलून पुन्हा हरला, तेव्हा त्याने पुढे काय केले होते?’ अशा आठ परिस्थितींची नोंद ते ठेवी. एखाद्या परिस्थितीत माणूस दोनदा सारखाच वागला, तर तिसऱ्यांदाही तसाच वागेल असे ते धरून चाले. नाहीतर वाटेल ती बाजू निवडे. बस्स. शॅननने त्याला ‘मनकवडे यंत्र’ म्हटले, पण ‘मनकवडे’ या शब्दापुढे एक प्रश्नचिन्ह घातले. मला ते प्रश्नचिन्ह फार आवडते.

या यंत्रांपुढे हरणारे लोक दुबळ्या मनाचे नव्हते. माणसाचे मन मागचे आठवून पुढचे ठरवते आणि आठवणीवर चालणाऱ्या गोष्टीत कल असायचाच. आपण मुद्दाम ‘कसेही’ वागायला गेलो की त्यातही एक ठरीव नमुना उमटतो.

या अंदाजांवर एकदा मोठा सौदा ठरला होता. 2005 साली ताकाशी हाशियामा या जपानी उद्योगपतींना दोन कोटी डॉलरांहून जास्त किमतीचा चित्रसंग्रह विकायचा होता. ख्रिस्तीज आणि सदबीज या दोन लिलाव संस्थांपैकी कोणाला काम द्यावे हे ठरेना, तेव्हा त्यांनी दोघींना हाच खेळ खेळायला लावले. ख्रिस्तीजच्या एका अधिकाऱ्याने आपल्या अकरा वर्षांच्या जुळ्या मुलींना विचारले. त्या म्हणाल्या, दगड तर कोणालाही सुचेल, कात्रीच काढा. सदबीजने कागद काढला आणि काम ख्रिस्तीजला मिळाले. मुली हुशार खऱ्याच. पण हा एकच डाव होता आणि एक डाव तिघांतला एक जण डोळे मिटूनही जिंकतो, हेही विसरू नका.

मग कोणालाच ओळखता येणार नाही असे खेळायचे कसे? निवड मनाकडून काढून घ्या. फासा टाका. 1 किंवा 2 पडले तर दगड, 3 किंवा 4 पडले तर कागद, 5 किंवा 6 पडले तर कात्री. फाशाला मागचे काही आठवत नाही. त्याच्यापुढे अंदाज बांधणारे यंत्रही दर तीन डावांत सरासरी एकच जिंकेल. एकच अपवाद आहे. टोकियो विद्यापीठाच्या इशिकावा प्रयोगशाळेने 2012 साली दाखवलेला यंत्राचा हात फासा टाकणाऱ्यालाही प्रत्येक डावात हरवतो. त्याचा वेगवान कॅमेरा समोरच्या हाताचा आकार सेकंदाच्या हजाराव्या भागात ओळखतो आणि यंत्र लगेच आपली बोटे वळवते. ते काही ओळखत नाही. चक्क पाहून खेळते. तुमचा एखादा मित्र नेहमी किंचित उशिरा हात काढत असेल, तर त्याची रीतही हीच.

ती मुलगी आठवडाभर फासा दप्तरात घेऊन फिरत होती. मधल्या सुट्टीत तिच्याभोवती घोळका असे. “मन ओळख बरं माझं,” असे ती वर्गातल्या सर्वांत आगाऊ मुलाला म्हणताना मी ऐकले.

तुम्हीही करून पाहा. मित्राबरोबर आधी मनाने 90 डाव खेळा, मग फाशाने 90 खेळा. प्रत्येक डाव वहीत क्रमाने लिहा. बेरीज करण्यापूर्वी ‘जिंकल्यावर तोच हात पुन्हा आला का’ ते मोजा. फाशाच्या 90 डावांत तुमच्या मित्राचे सुमारे 30 विजय अपेक्षित आहेत. 25 आले किंवा 36 आले तरी नवल नाही. 45 आले, तर फासा आणि मित्राचे खिसे दोन्ही तपासा.