‘ज्यूल ए जिम’ : युद्ध आणि प्रेम यांच्या कसोटीवरील मैत्री

प्रास्ताविक :
फ्रान्स्वा त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘ज्यूल ए जिम’ हा कृष्णधवल चित्रपट १९६२ मध्ये प्रदर्शित झाला. फ्रेंच ‘नवलाटे’तील ही एक महत्त्वाची कलाकृती मानली जाते. एका स्त्रीवर प्रेम करणाऱ्या दोन मित्रांची कथा, अशी त्याची ओळख सामान्यतः करून दिली जाते. तथापि, या कथेच्या मध्यभागी पहिले महायुद्ध आहे, ही बाब दुर्लक्षून चालणार नाही. या दोन कसोट्यांतील मूलभूत फरक स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मूळ आधार :
चित्रपटाचा आधार असलेली आंरी-पिएर रोशे यांची कादंबरी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. सत्तरी ओलांडल्यावर लिहिलेल्या या पहिल्याच कादंबरीत रोशे यांनी जर्मन लेखक फ्रान्झ हेसेल व त्यांची पत्नी हेलेन ग्रुंड यांच्याशी असलेल्या आपल्या नात्याला कथारूप दिले. वास्तवातील हे दांपत्य जर्मन होते. त्रुफो यांनी मात्र ज्यूलला ऑस्ट्रियन आणि कॅथरिनला फ्रेंच केले. त्यामुळे चित्रपटात केवळ मैत्रीच नव्हे, तर विवाहही शत्रुराष्ट्रांची सीमा ओलांडतो.

युद्धाची कसोटी :
कथानक १९१२ च्या सुमारास पॅरिसमध्ये सुरू होते. ज्यूल (ऑस्कर वेर्नर) व जिम (आंरी सेर) यांच्या जीवनात कॅथरिन (झान मोरो) येते व ती ज्यूलशी विवाह करते. १९१४ मध्ये दोघे मित्र परस्परविरोधी सैन्यांत दाखल होतात. येथे त्रुफो जुन्या युद्धचित्रणाचा वापर करतात. ते रुंद पडद्यावर ताणले गेल्याने सैनिकांच्या आकृती विरूप दिसतात. या सामूहिक संहारात दोघांनाही एकच वैयक्तिक भीती ग्रासते : आपल्या गोळीने आपला मित्र तर मरणार नाही ना? रशियाच्या आघाडीवर रवानगी होणार असल्याचे कळल्यावर ज्यूलला दिलासा वाटतो, कारण तेथे समोर जिम नसेल. राष्ट्राने ठरविलेले शत्रुत्व मनाने न स्वीकारणे, हा येथे मैत्रीचा विजय आहे.

प्रेमाची कसोटी :
युद्धानंतर जिम ऱ्हाईन नदीकाठच्या ज्यूलच्या घरी येतो. तेथे पती-पत्नींतील दुरावा त्याच्या लक्षात येतो. कॅथरिन आपल्याला कायमची सोडून जाईल या भीतीने ज्यूल स्वतःच जिमला तिच्याशी विवाह करण्यास सुचवितो. ही उदारता खरी आहे. परंतु तिच्यामागे असहायताही आहे. जिम व कॅथरिन यांना हवे असलेले अपत्य होत नाही आणि नात्यातील कटुता वाढत जाते. अखेरीस कॅथरिन जिमसह मोटार तुटक्या पुलावरून नदीत घालते. दोघांच्या अंत्यसंस्काराला ज्यूल एकटा उरतो.

या शेवटाआधी चित्रपटगृहातील वृत्तचित्रात नाझी पुस्तके जाळताना दिसतात. या प्रसंगामुळे खासगी शोकांतिका युरोपच्या इतिहासाशी जोडली जाते. ज्यूलचे मूळ रूप असलेले हेसेल ज्यू कुटुंबातील होते. मार्सेल प्रूस्त यांच्या कादंबरीचे त्यांनी वाल्टर बेन्यामिन यांच्यासह जर्मन भाषांतर केले होते. १९३८ मध्ये त्यांना जर्मनी सोडावी लागली. फ्रान्समध्ये त्यांना स्थानबद्धता भोगावी लागली आणि १९४१ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. ज्या देशात त्यांना जिवलग मित्र लाभला, त्याच देशाने त्यांना ‘शत्रुराष्ट्राचा नागरिक’ ठरविले होते.

निष्कर्ष :
युद्धात ज्यूलची आघाडी बदलली आणि मित्राशी समोरासमोर येण्याचा प्रसंग टळला. प्रेमात मात्र अशी दुसरी आघाडी नव्हती. तेथे तिघांनाही एकाच घरात, एकमेकांसमोर राहावे लागले. ज्यूल व जिम यांची मैत्री दोन्ही कसोट्यांवर अखेरपर्यंत अभंग राहते, परंतु ती कोणाचेही जीवन वाचवू शकत नाही. कोणालाही दोषी न ठरविता मैत्रीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा एकाच वेळी दाखविणे, यातच या चित्रपटाचे चिरंतन मूल्य आहे.