गादीवाफ्याला पाणी : केव्हा आणि किती

औंधपासून आटपाडीपर्यंतचा हा मुलूख पर्जन्यछायेचा. संस्थानकाळी आटपाडीजवळ स्वतंत्रपूरच्या खुल्या वसाहतीत कैद्यांनी याच कोरड्या मातीत शेती केली, व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ त्याच प्रयोगावर आधारलेला आहे. येथे भाजीच्या वाफ्यालाही पाणी जपूनच द्यावे लागते.

गादीवाफा उंच असल्याने पाणी लवकर निचरते, शिवाय कडांना ऊन-वारा लागतो. तो सपाट वाफ्याआधी सुकतो, म्हणून अनेकजण रोज थोडे थोडे शिंपडतात. आमच्या मते पाणी वाया जाते ते येथेच. वरचा थर तेवढा भिजतो, उन्हाने सुकतो आणि मुळेही वरच रेंगाळतात.

वार न ठरवता वाफसा पाहावा. बोटभर खोलीची माती मुठीत दाबावी. गोळा होऊन तो बोटाच्या धक्क्याने फुटला, तर थांबावे. गोळाच झाला नाही, तर पाणी द्यावे. दुपारी मान टाकलेले वांगे सायंकाळी सावरत असेल तर घाई नको. सकाळीच कोमेजलेले दिसले, तर मात्र विलंब नको.

१ चौरस मीटरवर १ सेंटीमीटर पाणी म्हणजे १० लिटर. कोरड्या वाफ्याला आम्ही याच्या दुप्पट, सावकाश मुरवत, मुळाशी देतो. तेही सकाळी, म्हणजे भिजलेली पाने लवकर सुकतात व करप्याला वाव कमी मिळतो. मेथी-कोथिंबीर उगवेपर्यंत मात्र झारीने रोज हलके पाणी हवेच. नंतर उसाचे पाचट पसरावे. दोन पाण्यांतील अंतर आपोआप वाढते.