आजार मुलाचा, सूर घराचा

(लेखांक सहावा)

गेल्या आठवड्यात आपण स्किझोफ्रेनियावरच्या औषधांची माहिती घेतली. बरं वाटू लागलं तरी गोळी मनाने का बंद करायची नाही, वजन वाढलं किंवा हातापायाला कंप सुटला तर डॉक्टरांना काय सांगायचं, हे पाहिलं. पण गोळी दिवसातून एकदा-दोनदा घ्यायची असते आणि घरातलं बोलणं दिवसभर कानांवर पडत असतं. आज त्या बोलण्याविषयी.

१९५०च्या दशकात लंडनमधले समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन मनोरुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांचा मागोवा घेत होते. आईवडिलांकडे किंवा जोडीदाराकडे परतलेल्यांचा आजार जास्त वेळा उलटत होता. भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहणारे त्या मानाने बरे होते. माणूस आपल्या माणसांत सावरतो, या समजुतीला हा धक्काच होता. मग ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरच्यांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या आणि काय बोललं गेलं याइतकंच ते कोणत्या सुरात बोललं गेलं याकडेही लक्ष दिलं. तीन गोष्टी महत्त्वाच्या ठरल्या: सततची टीका, मनात साचलेला तिटकारा आणि जीव घुसमटेल इतकी काळजी. संशोधक याला ‘एक्स्प्रेस्ड इमोशन’ म्हणतात. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, जिथे या गोष्टी जास्त होत्या तिथल्या ५८ टक्के रुग्णांचा आजार नऊ महिन्यांत उलटला. जिथे कमी होत्या तिथे हेच प्रमाण १६ टक्के होतं.

हे वाचून एखाद्या आईच्या पोटात गोळा येईल, म्हणून आधीच सांगते: हा आजार तुमच्या बोलण्याने झालेला नाही. आईच्या वागण्यामुळे स्किझोफ्रेनिया होतो, असं १९४०च्या दशकात काही मानसतज्ज्ञ म्हणत. तो सिद्धान्त केव्हाच बाद झाला. त्याने कित्येक आयांना विनाकारण पोळलं. ब्राउन यांचं काम आजाराच्या कारणाबद्दल नाहीच. झालेला आजार आटोक्यात कसा राहील, एवढ्यापुरतं ते आहे. शिवाय रात्र-रात्र जागलेल्या, खर्चाने आणि लोकांच्या प्रश्नांनी बेजार झालेल्या माणसाचा आवाज चढणारच. तो थकवा असतो, दुष्टपणा नव्हे. १९८०च्या दशकात चंडीगडमध्ये झालेल्या अभ्यासात तिथल्या घरांमध्ये अशी टीका लंडनपेक्षा बरीच कमी आढळली आणि रुग्णांची पहिल्या वर्षाची वाटचालही चांगली दिसली. म्हणजे हे आपल्याला जमण्यासारखं आहे.

आता प्रत्यक्ष घरात येऊ. सकाळचे अकरा वाजलेत. वीस वर्षांचा मुलगा अंथरुणात आहे, आंघोळ नाही, दात घासलेले नाहीत. तोंडात येतं ते असं: “किती वाजले बघ! तुझ्या वयाची मुलं कमवायला लागली, आणि तू नुसता लोळत असतोस.” यातलं ‘लोळणं’ बहुतेकदा आजाराचं लक्षण असतं. भास जितके खरे, तितकंच उत्साह आटून जाणंही खरं. भास औषधाने लवकर कमी होतात; हे मात्र रेंगाळतं. टोमण्याने ते हलत नाही, मुलगा फक्त आणखी आक्रसतो. त्याऐवजी असं म्हणून पाहा: “काल तू स्वतःचं ताट उचलून ठेवलंस, मला बरं वाटलं. पाणी तापवलंय, जेवायच्या आधी आंघोळ करशील?” एका वेळी एकच काम सांगायचं, थोडक्यात आणि सरळ. झालं तर दखल घ्यायची, नाही झालं तर संध्याकाळी पुन्हा विचारायचं.

काळजीचंही तसंच. मोठ्या मुलाला हाताने भरवणं, त्याचा प्रत्येक फोन ऐकणं, भाजीत गोळी कालवून देणं, हे सगळं मायेपोटी होतं. पण पुढे त्याचा स्वतःवरचा विश्वास जातो, आणि कालवलेली गोळी सापडली की तुमच्यावरचाही. गोळी नकोच म्हणत असेल तर डॉक्टरांशी बोला. महिन्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनांसारखे पर्याय आहेत.

“ते लोक माझ्याबद्दल बोलतात,” असं तो म्हणाला तर वाद घालू नका, होला होही करू नका. “मला ऐकू येत नाही, पण तुला येतंय. भीती वाटत असेल ना?” इतकं पुरतं. त्याचं ऐकून घेणारं कुणी आहे, हे त्याला कळतं.

ब्राउन यांच्यानंतर लंडनमध्येच वॉन आणि लेफ यांनी १९७६ साली आणखी एक बाब दाखवून दिली. तणावाच्या घरात आठवड्याला ३५ तासांहून जास्त वेळ समोरासमोर जात असेल तर धोका वाढतो. म्हणून आईने भजनाला, फिरायला, मैत्रिणीकडे जाणं ही चैन समजू नये. तो उपचाराचाच भाग आहे. मुलासाठी दिवसाचं पुनर्वसन केंद्र आणि पालकांसाठी स्वमदत गट शोधा. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आणि ठाण्यात आयपीएच या संस्था कुटुंबांसोबत अनेक वर्षं काम करत आहेत.

शांत सूर म्हणजे सगळं चालवून घेणं नव्हे. मारहाण, तोडफोड चालणार नाही, हे तो स्थिर असताना ठरवून सांगा. आणि तो मरणाची भाषा करू लागला तर टाळू नका. “जीव द्यावासा वाटतो का?” असं स्पष्ट विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. त्याला एकटं सोडू नका, औषधांचा साठा कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. टेली-मानस या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

या आठवड्यात एकच करून पाहा: रोज एक टोमणा गिळा आणि मुलाने केलेली एक छोटीशी गोष्ट बोलून दाखवा. पुढच्या लेखांकात २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र यांबद्दल पाहू.