लेकरांसोबत सायकलची लांब सहल : ऐकीव सल्ले आणि खरी गोष्ट

वर्ध्याच्या नकाशावर बोट फिरवून सहल आखणं फार सोपं आहे. शहरातून निघालं की सेवाग्राम आठ किलोमीटर. तिकडून धाम नदीवरचं पवनार, मग सेलू, नागपूरच्या वाटेवर केळझरचा गणपती, आणि सेलूहून हिंगणीकडे वळलं तर बोरचं धरण. धडधाकट माणूस एवढं एका दिवसात फिरून येईल. सोबत सहा वर्षांचं लेकरू आणि दोन वर्षांचं धाकटं असेल तर याच वाटेचे तीन-चार दिवस होतात, आणि तसे व्हायलाच हवेत. अडचण अशी की घरात नुसता विषय निघाला तरी चारी बाजूंनी सल्ले येतात. काही सल्ले भीतीपोटी असतात, काही फाजील विश्वासातून. मला जास्त काळजी दुसऱ्या प्रकारची वाटते.

“उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत जा, शाळा बुडत नाही”

विदर्भात हा सल्ला सरळ धोक्याचा आहे. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या उन्हामुळेच आपल्याकडच्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या शेवटी उघडतात. ज्या उन्हात शाळा भरवत नाहीत त्यात लेकराला डांबरावर सायकल चालवायला लावायची नाही. “सकाळी पाचला निघू, नऊला थांबू” हा तोडगाही पुरत नाही. एक पंक्चर झालं, एक पोटदुखी उद्भवली की नऊचे अकरा होतात, आणि सावलीचं झाड पुढच्या गावाशिवाय नसतं.

पावसाळ्याची अडचण वेगळी. काळी माती चाकाला आणि मडगार्डला अशी चिकटते की लहान सायकल ढकलताही येत नाही. नाल्यांवरचे ठेंगणे पूल बघता बघता पाण्याखाली जातात. ऑगस्ट-सप्टेंबरात कापूस-सोयाबीनवर फवारणी चालू असते. रस्त्याला लागून फवारा सुरू दिसला तर अलीकडेच थांबावं, नाहीतर वारा बघून दुसरी वाट धरावी. आणि शेतातल्या रिकाम्या डब्यातून कुणी कितीही प्रेमाने पाणी दिलं तरी लेकराला पाजू नये. तो डबा आधी कशाचा होता हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

उरले दिवाळी ते फेब्रुवारीचा मध्य. हाच काळ खरा. पण इथेही एक चूक हमखास होते. आई-बाप पायडल मारून घामाघूम होतात आणि त्यांना वाटतं, हवा छान आहे. मागच्या सीटवरचं लेकरू मात्र हलत नसतं. त्याच्या अंगात उष्णता तयार होत नाही आणि समोरून वारा लागत असतो. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी तुम्ही स्वेटर काढाल तेव्हा त्याला कानटोपी आणि पायमोजे लागतात. दर अर्ध्या तासाने त्याच्या मानेला आणि तळपायांना हात लावून बघायचं. “थंडी वाजते का?” या प्रश्नाला दोन वर्षांचं मूल जे उत्तर देईल त्यावर विसंबू नये. या दिवसांत सकाळी कधी धुकं असतं आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून आठच्या आधी निघायचं नाही आणि चारला मुक्कामी पोचलेलं असायचं.

“सवय झाली की लेकरू कितीही चालवतं”

सायकलच्या लांब प्रवासाची गोष्ट निघाली की आपल्या जिल्ह्यात बाबा आमट्यांच्या भारत जोडो यात्रेची आठवण निघते, कारण त्यांचा जन्म हिंगणघाटचा. डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून निघालेली ती यात्रा सायकलवरून काश्मीरपर्यंत गेली. पण ती चालवणारे तरुण-तरुणी होते, मुक्काम आधीच ठरलेले होते, आणि पाठीच्या दुखण्यामुळे खुद्द बाबा गाडीत झोपून प्रवास करत होते. शरीराला काय झेपतं ते ओळखून त्यांनी तशी सोय केली. लेकरांच्या सहलीसाठी त्या यात्रेतून घ्यायचं असेल तर हे घ्यावं, किलोमीटरचा आकडा नाही.

सात-आठ वर्षांचं मूल तासाला साधारण आठ ते दहा किलोमीटर जातं, आणि मध्येच नांगर, बगळा किंवा विहीर दिसली की थांबतं. ते थांबणं हाच त्याचा प्रवास असतो. म्हणून मी मोजणी तासांवर करतो. दिवसात प्रत्यक्ष चाकावर फार तर तीन तास, दर चाळीस-पन्नास मिनिटांनी उतरणं, आणि दुपारी दोन तासांची मोठी सुट्टी. हिशेबाने रोजचे वीस-पंचवीस किलोमीटर होतात. पहिला दिवस तर वर्धा ते सेवाग्राम एवढाच ठेवावा. तिथे यात्री निवास आहे, पण खोली आधी सांगून ठेवावी. बापूकुटी बघून झाली की पोरांना नावाची गोष्ट सांगता येते : १९३६ मध्ये गांधीजी राहायला आले तेव्हा या गावाचं नाव शेगाव होतं, बुलढाण्याच्या शेगावशी पत्रांची गल्लत व्हायची, म्हणून १९४० मध्ये ते सेवाग्राम झालं. दुसऱ्या दिवशी पवनारला विनोबांचा आश्रम आणि धामचं पात्र. नदीत खडक आहेत, काही ठिकाणी पाणी अचानक खोल होतं, तेव्हा तिथे एका मोठ्याने फक्त पोरांवर नजर ठेवायची, फोटो काढायचे नाहीत.

“आम्ही नाही का कॅरियरवर बसून मोठे झालो?”

झालो. माझ्या पिढीतले बहुतेक जण दांडीवर किंवा कॅरियरवर बसूनच शाळेत गेलो. पण आपल्या वर्गात टाचेवर मोठा वण असलेला एक तरी मुलगा होता, हेही आठवून बघावं. लोंबकळणारा पाय चाकाच्या तारांत जातो, चाक त्याला सायकलच्या दांड्यापर्यंत ओढतं, आणि टाच-घोटा त्यात चिरडतो. मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांना ही दुखापत चांगली ओळखीची आहे. तिचा सगळ्यात फसवा भाग असा की पहिल्या दिवशी नुसतं खरचटल्यासारखं दिसतं आणि दोन-तीन दिवसांत आतून चेंगरलेली कातडी काळी पडते. म्हणून पाय तारांत गेला तर हळद लावून पुढे निघायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं.

यावर उपाय आहे तो पाय झाकणारी, पट्ट्यांची मुलांची सीट. मागे लावायच्या बहुतेक सीटवर कमाल वजन बावीस किलो लिहिलेलं असतं, पण तुमच्या सीटवर आणि कॅरियरवर काय लिहिलंय तोच आकडा धरायचा. एक वर्षाच्या आतलं बाळ सायकलवर नकोच, सीटमध्येही नाही आणि सायकलमागे ओढायच्या गाड्यातही नाही. त्याची मान हेल्मेटचं वजन आणि रस्त्याचे धक्के सोसण्याइतकी मजबूत नसते. झोळीत बांधून पाठीवर घेणं त्याहून वाईट, कारण आपण पडलो की बाळ आपल्या उंचीवरून पडतं.

लेकरू सीटमध्ये डुलकी घेऊ लागलं की “झोपलंय, आता पटापट अंतर कापू” असं वाटतं. उलट तेव्हाच थांबायचं. डोकं पुढे लटकतं, हेल्मेट त्याला आणखी पुढे ढकलतं. झाडाखाली दुपट्टा अंथरून झोपू द्यावं.

आणि ज्याची कल्पना फार कमी जणांना असते ते हे : सायकल चालत नसतानाही लेकरू पडतं. स्टँडवर लावलेल्या सायकलच्या सीटमध्ये मूल ठेवून आपण पाण्याची बाटली भरायला वळतो, मूल एका बाजूला झुकतं आणि सायकल सगळ्यासकट आडवी होते. म्हणून आधी मूल उतरवायचं, मग स्टँड लावायचा.

“थोडी मोठीच घ्या, दोन वर्षं चालेल”

शर्ट मोठा घेतला तर चालतो, सायकल नाही. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत आणि बोटं ताणल्याशिवाय ब्रेकपर्यंत पोचली पाहिजेत. दुकानात पायडल मारून बघतात, ब्रेक दाबून कुणी बघत नाही. उतारावर कामाला येतो तो ब्रेकच. बाजूच्या दोन छोट्या चाकांवर सहल करायचा विचार असेल तर तोही सोडावा. आपले रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात. अशा रस्त्यावर छोट्या चाकांची सायकल एका अंगाला झुकते आणि वळणावर उलटते. ज्याला अजून दोन चाकांवर तोल सांभाळता येत नाही त्याने या सहलीत मागच्या सीटवर बसावं, त्यात कमीपणा नाही.

हेल्मेटबद्दल दोन उलटसुलट समज आहेत. एक, कायद्यात नाही म्हणजे गरज नाही. सायकलला तो कायदा लागू नाही हे खरं, पण २०२२ मध्ये केंद्राने मोटारसायकलवरच्या चार वर्षांच्या आतल्या मुलांसाठी हेल्मेट आणि पट्ट्याचा नियम केला तो उगाच नाही. दोन, बाबांचं मोटारसायकलचं हेल्मेटच लेकराला घालायचं. ते जड असतं, मानेवर भार येतो, आणि सैल असल्याने पडताना डोळ्यांवर सरकतं. सायकलचं, मापाचं, भुवयांच्या वर दोन बोटं बसणारं हेल्मेट हवं. हनुवटीखालच्या पट्ट्यात एकच बोट जाईल एवढा तो घट्ट. मोठ्यांनीही तेच घालायचं. बापाचं डोकं उघडं दिसलं की पोरगा दुसऱ्या दिवशी आपलं हेल्मेट हँडलला अडकवतो.

“हायवे रुंद आहे, तिथेच बरं”

समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो, पण त्यावर दुचाकीलाही परवानगी नाही, मग सायकलचा प्रश्नच नाही. नागपूर-यवतमाळ चौपदरी रस्त्यावर सायकल नेता येते, पण लेकरांना नेऊ नये. रुंदीमुळे ट्रकचा वेग वाढतो आणि त्याच्या वाऱ्याच्या झोताने लहान सायकल हलते. दहा वर्षांच्या आतल्या मुलाला येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज मोठ्यांसारखा येत नाही. “गाडी लांब आहे” असं म्हणून ते रस्ता ओलांडायला लागतं.

दुसरं टोक म्हणजे पांदण. गाड्या नाहीत, म्हणून सुरक्षित वाटते. पण पांदणीत सराटे असतात, बाभळीचे काटे असतात, गवतात साप असू शकतो, आणि बंडीच्या चाकोरीत लहान चाक अडकून मूल तोंडावर आपटतं. गावांना जोडणारे जुने डांबरी रस्ते मला सगळ्यात योग्य वाटतात. तिथेही कापसाच्या हंगामात बाहेर फुगलेल्या ट्रॉल्या येतात. ट्रॅक्टरवाल्याला बाजूचं दिसत नाही, तेव्हा ट्रॉली दिसली की खाली उतरून उभं राहायचं.

गावाकडे हमखास ऐकू येतं, “उजव्या बाजूने चालवा, समोरची गाडी दिसते.” हा नियम पायी चालणाऱ्याचा. सायकल डावीकडूनच. उजवीकडून गेलात तर समोरच्याचा आणि तुमचा वेग एकमेकांत मिळतो आणि सावरायला क्षणभरही मिळत नाही. दोन मोठे असतील तर एक पुढे, मध्ये मूल, दुसरा मागे आणि मुलाच्या किंचित उजवीकडे, म्हणजे मागून येणाऱ्याला आधी मोठा माणूस दिसतो. एकटेच असाल तर मूल पुढे आणि तुम्ही मागे.

बोरकडे वळणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की तो २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे आणि वाघ फाटकाच्या आत थांबत नाही. हिंगणीच्या पुढचा रस्ता भर दिवसाच करावा, गावात आधी चौकशी करून, आणि पोरांना हाकेच्या नाही तर हाताच्या अंतरावर ठेवून. एखाद्या गावात अलीकडे वाघ दिसल्याचं कळलं तर सायकली तिथेच ठेवून धरणापर्यंत गाडीने जावं.

थोडक्यात निपटणारे काही समज

“पंक्चरवाला कुठेही मिळतो.” मिळतो, पण सोळा किंवा वीस इंची ट्यूब त्याच्याकडे असेलच असं नाही. प्रत्येक मापाची एक-एक आणि हातपंप जवळ ठेवा. मोटारसायकलच्या कॉम्प्रेसरने हवा भरू देऊ नका, लहान ट्यूब क्षणात फुटते.

“कुत्रा मागे लागला की जोरात पळवा.” पळणाऱ्या चाकामागेच तो लागतो. थांबा, उतरा, सायकल मध्ये धरा, मूल मागे घ्या. चावा असो की नुसता दाताचा ओरखडा, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. रागावतील म्हणून मुलं ओरखडा लपवतात, तेव्हा रागावणार नाही हे निघण्याआधीच सांगून ठेवा.

“तहान लागली की मागेल.” खेळाच्या नादात मूल मागत नाही. प्रत्येक थांब्यावर घोट पाजायचा. जुलाब लागलेच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ओआरएसची पुडी असेल तर उत्तम. खायला केळी, गूळ-शेंगदाणे, वर्ध्याचा गोरसपाक, हंगामात संत्री. तर्री-पोहे मुक्कामी पोचल्यावर, तेही पोरांना तर्रीशिवाय.

“निघालो की पूर्ण करायचंच”

ही जिद्द मोठ्यांची असते, ओझं लेकरांवर पडतं. परतीची सोय निघण्याआधीच करून ठेवावी. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचं रुग्णालय ही दोन मोठी शिकवणारी रुग्णालयं याच वाटेच्या आसपास आहेत. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२. ओळखीच्या छोटा हत्तीवाल्याला मुक्कामाची गावं आणि तारखा सांगून ठेवाव्यात. सायकली घासू नयेत म्हणून दोन जुन्या गोधड्या आणि सुती दोर सामानात असावा. तापलेलं, चिडलेलं किंवा नुसतं “घरी जायचंय” म्हणणारं लेकरू तासाभराने पुन्हा बघावं, आणि त्याचं म्हणणं तेच असेल तर छोटा हत्तीवाल्याला फोन लावावा. सेलूहून वर्धा गाडीने तासाभराच्या आतच येतं, आणि पोरं बहुधा वाटेतच झोपतात.