पंखे फिरतायत, स्क्रीन काळी!
आमच्या फुलपाड्यातली पावसाळी दमट हवा, त्यात विजेचा लपंडाव. गेमिंग पीसी रुसणारच. पण लगेच नव्या ग्राफिक्स कार्डासाठी लॅमिंग्टन रोड गाठू नका. आधी मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, कार्डलाच लावलीय ना बघा (हसू नका, सर्रास होतं). मग प्लग काढून रॅम बाहेर घ्या, सोनेरी पट्टी खोडरबराने हलकेच पुसा, कचरा झटका, 'टक' आवाज येईपर्यंत परत बसवा.

गेम खेळताना रीस्टार्ट होतोय? विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधला 'कर्नल-पॉवर ४१' एवढंच सांगतो की मशीन नीट बंद झालं नव्हतं, कारण नाही. माझा पहिला संशय पॉवर सप्लायवर. ग्राफिक्स ड्रायव्हरचा घोळ वाटला तर नेट तोडून, सेफ मोडमध्ये डीडीयू (जुना ड्रायव्हर मुळापासून काढणारं टूल) चालवा, मग ताजा ड्रायव्हर टाका. फॉरमॅट मारणं अगदी शेवटी.